फिलाडेल्फिया कॉलर : मानेच्या ऑपरेशननंतर घेण्याआधी

डिस्चार्जच्या कागदावर 'फिलाडेल्फिया कॉलर' (हनुवटीला आधार देणारा, पुढचा आणि मागचा अशा दोन भागांचा कडक फोमचा मानपट्टा) दिसलं की घरचे सर्जिकलच्या दुकानातून मिळेल ती उचलतात. दुकानदार फार तर मानेचा घेर विचारतो. उंची कोणी मोजत नाही, आणि गोची तिथेच होते. नजर समोर ठेवून हनुवटीपासून छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा. कॉलर उंच निघाली तर मान मागे ढकलली जाते, बुटकी निघाली तर हनुवटी आत घसरते. दोन्हींत स्नायू दिवसभर आखडून राहतात. पुढून, म्हणजे गळ्याच्या बाजूने, ऑपरेशन झालेल्यांना उंच कॉलरमध्ये घास गिळणंही जड जातं.

मान पुढे-मागे वाकणं ती सुमारे ७० टक्के रोखते, हे काम चोख. वळणं मात्र निम्म्याच्या आसपास आणि बाजूला कलणं जेमतेम एक तृतीयांश. तेव्हा कोणी हाक मारली तर अख्खं अंगच वळवायचं. स्पंजचा मऊ पट्टा वाकणं पाव हिश्शाइतकंच अडवतो. तो फक्त मान जपायची आठवण राहण्यापुरता.

मागचा भाग आधी, मग पुढचा. पुढच्याच्या कडा मागच्यावर याव्यात. वेल्क्रो एका बाजूला जास्त ओढलं की हनुवटी तिरकी बसते. हनुवटी, डोक्याचा मागचा उंचवटा आणि कॉलरबोनवरची कातडी रोज बघा, लाली टिकून राहिली तर सर्जनला दाखवा. आत पातळ सुती कापड हवंच, आपल्याकडच्या घामात फोम लगेच कुबट होतो. तो साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

खरा घोळ मुदतीचा. सर्जनने काढायला सांगितल्यावरही भीतीपोटी कॉलर घालत राहिलं तर स्नायू दुबळे होतात, मान आखडते आणि दुखणं रेंगाळतं. मागून केलेल्या लॅमिनोप्लास्टीत (मणक्यांच्या मागच्या कमानी उघडून मज्जारज्जूला जागा करून देणारं ऑपरेशन) हे जास्त जाणवतं, कारण तिथे स्नायू मणक्यांवरून सोडवलेले असतात. मानेच्या दुसऱ्या आणि सातव्या मणक्याला धरलेले स्नायू शाबूत ठेवले असतील तर त्रास कमी राहतो. कोणते सोडवले ते सर्जनला जरूर विचारा. ऑपरेशनआधीपासूनची जुनी मानदुखी, नैराश्य, हाड जुळू न देणारी सिगारेट यांवर कॉलरचा काडीचा उपयोग नाही. हातात नवा अशक्तपणा आला तर पट्टे घट्ट करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

पुढून एकाच पातळीवर, म्हणजे शेजारचे दोनच मणके जोडून, प्लेट बसवली असेल तर बरेच सर्जन कॉलर देतच नाहीत. अशा वेळी दुकानदाराच्या आग्रहाखातर घेऊ नये.