एनएफएस ४.२ वरील एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट: सोय चोख, सुरक्षिततेची व्यवस्था मात्र आपणच लावायची

फाइलीच्या मजकुराला हात न लावता तिच्याविषयीच्या नोंदी तिच्याच अंगावर ठेवण्याची सोय, म्हणजे एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट, लिनक्सवर बऱ्याच वर्षांपासून आहे; पण फाइल एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीच्या, सर्व्हरवर गेली की या नोंदी मागेच राहत असत. स्कॅन केलेल्या जुन्या कागदपत्रांचा संग्रह सांभाळताना मूळ प्रत कोठली, हक्क कोणाकडे, पडताळणी कोणी केली, ही माहिती वेगळ्या तक्त्यात न ठेवता फाइलीलाच जोडलेली असावी, अशी आमची गरज होती. त्यासाठी लिनक्सच्या एनएफएस ४.२ मधील ही सुविधा आम्ही नित्याच्या कामात घेतली. माझा अभिप्राय आधीच सांगतो: नोंदी सर्व्हरपर्यंत नेण्याचे आणि तेथून परत आणण्याचे काम ती उत्तम करते, परंतु त्या नोंदी गुप्त आणि अबाधित राखण्याची जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही.

तिसऱ्या आवृत्तीच्या एनएफएसमध्ये अशा ॲट्रिब्यूटना स्थानच नव्हते. चौथ्या आवृत्तीत नामांकित ॲट्रिब्यूटची तरतूद आली, पण ती फाइलीच्या पोटातल्या छोट्या फाइलींसारखी होती आणि लिनक्सने ती स्वीकारली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आरएफसी ८२७६ हे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज प्रसिद्ध झाले, त्यात वाचणे, लिहिणे, यादी मागवणे आणि काढून टाकणे या चार क्रिया ठरल्या, आणि ऑक्टोबर २०२० मधील ५.९ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्सच्या क्लायंट व सर्व्हर या दोन्ही बाजूंना त्या मिळाल्या. मांडणी अगदी सोपी आहे. माउंट करताना, म्हणजे सर्व्हरवरचे फोल्डर आपल्या यंत्राला जोडताना, आवृत्ती ४.२ असल्याची खात्री करावी, मग स्थानिक डिस्कवर चालणाऱ्या सेटफॅटर आणि गेटफॅटर या ॲट्रिब्यूट लिहिण्याच्या व वाचण्याच्या आज्ञा जशाच्या तशा चालतात. क्लायंट आणि सर्व्हर यांच्या वाटाघाटीत आवृत्ती ४.१ वर घसरली, तर त्याच आज्ञेला ‘ही क्रिया उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. म्हणून आवृत्ती माउंटच्या ओळीत स्पष्ट लिहून टाकावी, सर्व्हरच्या मर्जीवर सोडू नये.

यातून फक्त ‘युजर’ या गटातील ॲट्रिब्यूट जातात. ‘ट्रस्टेड’ आणि ‘सिक्युरिटी’ हे गट नेटवर्क ओलांडत नाहीत, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्या गटांना अर्थ देणारा कर्नल आणि ते साठवणारा कर्नल वेगवेगळे असताना एकाच्या शब्दावर दुसऱ्याने विसंबणे धोक्याचे ठरले असते. त्याची किंमत मोजावी लागते, हेही खरे: एखाद्या प्रोग्रामला दिलेली विशेष क्षमता एनएफएसवर टिकत नाही. एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेच्या लेबलांसाठी ४.२ मध्ये वेगळी वाट आहे आणि सर्व्हरवर ती मुद्दाम उघडावी लागते.

खरी परीक्षा सुरू होते ती वाहतुकीपासून. एनएफएसची जुनी ‘सिस’ पद्धत क्लायंटने सांगितलेला वापरकर्ता क्रमांक खरा मानते. ज्याच्या हाती स्वतःच्या लॅपटॉपचा रूट, म्हणजे सर्वाधिकार, आहे आणि ज्याला सर्व्हरने माउंटची मुभा दिलेली आहे, तो सहकाऱ्याचा क्रमांक धारण करून त्याच्या फाइलींवरचे ॲट्रिब्यूट वाचू किंवा बदलू शकतो. रूटला अडवणारा नेहमीचा पर्याय फक्त शून्य क्रमांकाला अडवतो, बाकीच्यांना नाही. शिवाय या पद्धतीत सारे काही उघड्यावरून जाते. वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक टिपणारे साधन लावून पाहिल्यास ॲट्रिब्यूटचे नाव आणि त्यापुढचे मूल्य साध्या अक्षरांत वाचता येते. केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या व्यवस्थेच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली फक्त ओळख पटवते, दुसरी वाटेत झालेला फेरफार पकडते, आणि मजकूर झाकला जातो तो तिसऱ्या पायरीवर, ज्याला ‘केआरबी५पी’ म्हणतात. दुसऱ्या पायरीवर समाधान मानणारे अनेक जण दिसतात. ॲट्रिब्यूटमध्ये व्यक्तींची नावे किंवा हक्कांच्या नोंदी असतील, तर ते पुरेसे नाही.

केर्बेरॉसचा संसार थाटणे लहान संस्थांना जड जाते, हे मान्य करावे लागेल. त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२२ च्या आरएफसी ९२८९ ने टीएलएसची, म्हणजे वाहतूक कूटबद्ध करण्याच्या पद्धतीची, वाट काढली आणि लिनक्सच्या क्लायंटमध्ये ती ६.५ या कर्नलपासून आली. आमच्या चाचणी यंत्रावर तिची मांडणी केर्बेरॉसपेक्षा खूपच कमी कष्टांत झाली. मात्र दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्रे दाखवली, तरी त्यातून पटते ती यंत्राची ओळख, माणसाची नव्हे. टीएलएसच्या आत ‘सिस’च चालू असेल, तर चोरट्या कानांपासून संरक्षण मिळते, पण खोटा क्रमांक सांगणाऱ्या यंत्रापासून मिळत नाही.

आता अबाधिततेकडे वळू. ज्याला फाइलीवर लिहिण्याची परवानगी आहे, त्याला तिच्या ‘युजर’ ॲट्रिब्यूटवरही लिहिता येते. म्हणून फाइलीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, ॲट्रिब्यूटमध्ये ठेवून निर्धास्त होण्यात अर्थ नाही: अपघाताने झालेली मोडतोड त्याने कळेल, जाणूनबुजून केलेला बदल कळणार नाही, कारण मजकूर बदलणारा हॅशही बदलून ठेवील. हॅशऐवजी डिजिटल स्वाक्षरी ठेवावी, आणि स्वाक्षरीची गुप्त किल्ली फाइल सर्व्हरवर मुळीच नसावी. एड२५५१९ प्रकारची स्वाक्षरी अवघ्या ६४ बाइटांची असते, त्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही. स्वाक्षरी करताना मजकुराचा हॅश आणि नोंदी एकत्र घ्याव्यात. नुसत्या नोंदींवर स्वाक्षरी असेल, तर एका फाइलीच्या खऱ्या नोंदी उचलून दुसरीवर चिकटवता येतात आणि पडताळणी बिनबोभाट पार पडते.

डिस्कवर साठवलेल्या नोंदींबाबत एक बाब फारशी चर्चिली जात नाही. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवरील फाइलनिहाय एन्क्रिप्शन, म्हणजे एफएसक्रिप्ट, फाइलीचा मजकूर आणि नाव झाकते, एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट झाकत नाही. सर्व्हरची डिस्क चोरीला गेली, तर बंद फाइलीवरच्या नोंदी उघड्या सापडतील. त्यामुळे सर्व्हरवर खालच्या थरातच, लक्स या डिस्क-एन्क्रिप्शनच्या सुविधेने, संपूर्ण विभाग एन्क्रिप्ट करणे हाच सरळ मार्ग आहे.

क्षमतेच्या मर्यादाही सर्व्हरवरच्या फाइल सिस्टिमच्या असतात. लिनक्स एका ॲट्रिब्यूटला ६४ केबीपर्यंत मुभा देते आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ती पूर्ण मिळते. एक्स्ट४ वर मात्र, विशेष पर्याय घेतलेला नसल्यास, एका फाइलीचे सारे ॲट्रिब्यूट मिळून एका ब्लॉकमध्ये, म्हणजे बहुधा ४ केबीत, बसवावे लागतात. ते बसले नाहीत की क्लायंटवर ‘डिस्कवर जागा उरली नाही’ असा संदेश येतो. डिस्क निम्मी रिकामी असताना हा संदेश पाहून माणूस भलतीकडेच शोध घेत बसतो. नव्या सर्व्हरसाठी मी एक्सएफएसच सुचवीन.

बॅकअपबाबत अधिकच दक्ष राहावे लागते. प्रती काढणाऱ्या आरसिंक या आज्ञेचा ‘ए’ हा नेहमीचा पर्याय ॲट्रिब्यूट घेत नाही, त्यासाठी मोठ्या लिपीतील ‘एक्स’ वेगळा द्यावा लागतो. टार या फाइलींचे गाठोडे बांधणाऱ्या आज्ञेलाही तसे स्पष्ट सांगावे लागते. सीपी या साध्या प्रत-आज्ञेचा ‘ए’ पर्याय ते घेण्याचा प्रयत्न करतो, पण पलीकडचे माउंट जुने असल्यास काहीही न बोलता नोंदी गाळून पुढे जातो. बॅकअप पूर्ण झाल्याचा संदेश ही नोंदी पोहोचल्याची पावती नाही. परत घेतलेल्या फाइलीवर गेटफॅटर चालवून पाहिल्याशिवाय तो बॅकअप आमच्याकडे मान्य होत नाही.

दुसरा पर्याय अर्थातच सांबा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली पुरवणारा सर्व्हर. विंडोजच्या परवानग्या तो ‘सिक्युरिटी’ गटात ठेवतो, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला त्यांच्यावर थेट लिहिता येत नाही, आणि ही त्याची जमेची बाजू आहे. परंतु सांबा ॲट्रिब्यूटमधील काही माहितीचा अर्थही लावतो, आणि तेथे घात होऊ शकतो. जानेवारी २०२२ च्या अखेरीस जाहीर झालेली सीव्हीई-२०२१-४४१४२ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी नेमकी ॲपलच्या फाइल-नोंदी ॲट्रिब्यूटमधून वाचणाऱ्या ‘फ्रूट’ या मॉड्यूलमध्ये होती. ॲट्रिब्यूट लिहिण्याची परवानगी असलेल्याला तिच्यातून सर्व्हरवर रूटच्या अधिकाराने कोड चालवता येत असे. ४.१३.१७, ४.१४.१२ आणि ४.१५.५ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. एनएफएसचा सर्व्हर ‘युजर’ ॲट्रिब्यूटकडे निव्वळ बाइटांची पुडी म्हणून पाहतो, ती उघडत नाही. केवळ लिनक्सची यंत्रे असलेल्या कार्यालयाला मी एनएफएस सुचवतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

तयार नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवणारे, यंत्र घेणार असाल, तर ‘एनएफएस ४ चालते’ एवढ्या उत्तरावर पैसे देऊ नका. यंत्र ४.२ देते का, त्यावर ‘युजर’ ॲट्रिब्यूट लिहून दुसऱ्या यंत्रावरून वाचता येते का आणि केआरबी५पी किंवा टीएलएस चालू करता येते का, या तीन गोष्टी विक्रेत्याकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्याव्यात.