कूलिंग सिस्टिम प्रेशर टेस्टर किट: लोड घेतल्यावर तापणाऱ्या पिकअपसाठी

रिकामी पिकअप दिवसभर पळते, तापमानाचा काटा मधोमध. तीच गाडी आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढायला लागली किंवा मागे जनरेटरचा ट्रेलर जोडला, की काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. अशा तक्रारीवर आधी कूलंट बदललं जातं, मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व), मग रेडिएटर. दुखणं मात्र तसंच राहतं. थंड इंजिनाच्या कूलिंग सिस्टिममध्ये दाब भरून तो टिकतो का हे पाहणारा हातपंपाचा प्रेशर टेस्टर अर्ध्या तासात सांगतो की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही. छोट्या गॅरेजनं आणि स्वतः गाडीखाली शिरणाऱ्या मालकानं हे किट घ्यावंच, असं माझं ठाम मत आहे.

लोडवरच त्रास का होतो, ते आधी पाहू. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेचा चौथाई ते तिसरा हिस्सा कूलंटमधून बाहेर टाकावा लागतो. चढावर ताकद पूर्ण लागते, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असल्यानं समोरून वारा मिळत नाही. एरवी लपून राहिलेली कमजोरी इथे उघडी पडते. त्यात बंद सिस्टिममध्ये प्रेशर धरलं जात नसेल तर कूलंट लवकर उकळतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०८ अंशांना उकळतं, तर १ बार दाब असेल तर १२५ च्याही पुढे टिकतं. नुसतं साधं पाणी भरलं असेल आणि रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल, तर महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागेल.

किटमध्ये गेज बसवलेला हातपंप, नळी, क्विक कपलर आणि निरनिराळ्या मापांचे अॅडॅप्टर असतात. पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनवर लावलं, तर कूलंट निवता निवता दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. शिवाय गरम झाकण उघडलं तर चेहरा भाजतो. रेडिएटर काठोकाठ भरून अॅडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा: ०.९ बार म्हणजे १३ पीएसआय, १.१ बार म्हणजे १६. जास्त दाब दिला तर जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा सांधा सुटतो. होसपाइप ताणले जातात, म्हणून गेजचा काटा सुरुवातीला थोडा उतरेल. एकदा परत पंप मारून १५ मिनिटं थांबायचं.

काटा हलला नाही तर बाहेर गळती नाही. उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचं. क्लिपांच्या खाली, रेडिएटरच्या टाकीच्या सांध्याशी, आणि वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या बारीक भोकाशी. त्या भोकातून थेंब आला तर आतला सील गेला, वॉटर बॉडी बदलायची. बाहेर कुठेच ओल नसेल तर केबिनमधली पुढची मॅट उचलून पाहा, हीटरची जाळी गळत असेल. तिथेही कोरडं असेल, तर पाणी इंजिन खातंय.

झाकण मात्र बहुतेक जण तपासतच नाहीत. किटमधला झाकणाचा अॅडॅप्टर लावून पंप मारला की कळतं, ते आपल्या आकड्याच्या आसपास दाब धरतं की त्याआधीच सोडतं. नवं झाकण रेडिएटरच्या मानानं फुकटच समजा. त्याच झाकणातला उलटा व्हॉल्व (थंड होताना कूलंट परत आत येऊ देणारा) अडकला, तर गाडी थंड झाल्यावर वरचा होसपाइप चपटा पडलेला दिसतो.

हेड गॅस्केटसाठीही (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) हेच किट कामाला येतं. टेस्टर लावून, दाब शून्यावर ठेवून थंड इंजिन चालू करा. काटा हळूहळू चढायला हवा. मिनिटाभरात उसळी घेऊन थरथरू लागला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. दाब झाकणाच्या आकड्यापर्यंत पोचायच्या आत इंजिन बंद करून सोडून द्या. इथे किटची मर्यादाही आहे: फक्त लोडवर उघडणारं गॅस्केट गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पास होतं. त्यासाठी घाट चढून आल्यावर झाकणाला हात न लावता गाडी रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचा होसपाइप दाबून पाहा. थंड गाडीत तो टणक लागला तर गॅस्केटवर संशय घ्यायलाच हवा. कूलंटमध्ये शिरलेला गॅस ओळखणारी, रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी वेगळी मिळते, पण डिझेलवर निकाल पुसट येतो, त्यामुळे तिच्या एकटीच्या भरवशावर हेड खोलू नये.

रेडिएटरची जाम झालेली जाळी आणि ढिला पंखा हे किट दाखवणार नाही. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर जोडीला ठेवा. रेडिएटरच्या तोंडावर ओळीनं फिरवा, मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून काळ्या रबरावर किंवा चिकटवलेल्या मास्किंग टेपवर नेम धरा. व्हिस्कस फॅन (तेलाच्या क्लचवर फिरणारा पंखा) असेल तर इंजिन बंद करून पंखा हातानं फिरवा. सोडल्यावर गरागरा फिरत राहिला तर क्लच गेला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाचटाचा भुसा आणि चिखल साचतो, तो बाहेरून दिसत नाही. आतून बाहेरच्या दिशेनं, हलक्या धारेनं धुवायचा. जोरदार प्रेशर वॉशरनं पाती वाकतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते: थर्मोस्टॅट काढून गाडी चालवू नका. अनेक इंजिनांत उघडा थर्मोस्टॅट बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो आणि लोडवर गाडी आणखी तापते. रिकाम्या गाडीचं इंजिन उलट थंड राहून डिझेल जास्त पितं.

विकत घेताना अॅडॅप्टर नीट पाहा. काही गाड्यांचं प्रेशरचं झाकण रेडिएटरवर असतं, काहींचं आट्यांच्या, म्हणजे फिरवून बसणाऱ्या झाकणाच्या, कूलंटच्या बाटलीवर. आट्यांचा योग्य अॅडॅप्टर नसेल तर किट निरुपयोगी आहे, म्हणून जुनं झाकण दुकानात घेऊन जा. स्वस्त किटमध्ये दोष हमखास क्विक कपलरच्या रबरी रिंगमध्ये निघतो. दाब उतरला की आधी कपलरवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती टेस्टरची, गाडीची नव्हे. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावं, इंजिन ऑइलनं काही प्रकारचं रबर फुगतं. गेज २ किंवा २.५ बारपर्यंतचंच घ्या. ७ बारच्या गेजवर ०.१ बारची घसरण डोळ्याला दिसतच नाही, आणि संथ गळती नेमकी तेवढीच असते.