सोयरीक मोडल्यावर कुठलं पुस्तक हाती घ्यावं?

भाच्याची सोयरीक साखरपुड्यानंतर दोन महिन्यांनी मोडली. मुलीनंच नको म्हटलं. तो वाळूजला एका कारखान्यात नोकरीला, राहायला संभाजीनगरात खोली करून. दिवाळीत परभणीला आला तेव्हा हातातला फोन काही सुटत नव्हता. तिनं डीपी बदलला का, रात्री कितीपर्यंत ऑनलाइन होती, कुणाच्या स्टेटसमध्ये दिसायली का. "मावशी, ती कामून असं करायली असंल?" हा एकच प्रश्न सकाळी चहाबरोबर आणि रात्री गच्चीवर. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काहीतरी हसवणारं वाचायला दे. पण माझ्यासारख्याचंच पाहिजे."

मला ते मागणं फार योग्य वाटलं. प्रेमभंगावर रडवणारी पुस्तकं शोधावी लागत नाहीत. पण त्या दिवसांत माणूस किती वाईट वागतो, मित्रांना किती पिडतो, स्वतःशी किती खोटं बोलतो, हे मायेनं आणि हसत सांगणारी पुस्तकं थोडी. माझ्या कपाटात अशा चार कादंबऱ्या आहेत, चारही इंग्रजी. कुणी कुठली घ्यावी हे सांगते, कारण चुकीची हाती पडली तर दुखणं वाढतं, हे मी पाहिलंय.

पण आधी पैठणला जाऊन येऊ. संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. त्यातल्या एका गाथेत नवरा प्रवासाला गेलाय. बायको 'आज गेला, आज गेला' म्हणत भिंतीवर रेघा ओढते, आणि पहिल्याच दिवशी दुपार होईतो भिंत रेघांनी भरून जाते. दुसरीत एक भोळी हातापायांच्या बोटांवर दिवस मोजते, बोटं संपतात, आणि आता कशानं मोजू म्हणून रडायला लागते. या प्रेमभंगाच्या गाथा नाहीत, विरहाच्या आहेत. पण वाचताना आधी हसू येतं आणि मग पोटात कालवतं. मी ज्या पुस्तकांबद्दल बोलतेय त्यांचं सगळं कसब याच दोन गोष्टी एका ओळीत आणण्यात आहे. स. आ. जोगळेकरांचा सटीप मराठी अनुवाद आहे. जुन्या ग्रंथालयात मिळाला तर नक्की चाळा.

मागे राहिलेलं माणूस मोजत बसतं. चारही कादंबऱ्यांतली माणसं हेच करतात. म्हणून निवड करताना मी एकच विचारते : तुम्ही सध्या काय मोजताय?

तिच्या चुका मोजत असाल, किंवा आजवर कुणीकुणी आपल्याला दुखावलं याची यादी डोक्यात चालू असेल, तर दोन पुस्तकं समोरासमोर ठेवा. निक हॉर्नबी यांची 'हाय फिडेलिटी', 1995 ची, आणि डॉली ऑल्डर्टन यांची 'गुड मटेरिअल', 2023 ची. दोन्ही लंडनमधल्या. दोन्हींचे नायक पस्तिशीचे, दोघांनाही मैत्रिणींनी सोडलेलं आणि दोघांनाही याद्यांचं वेड.

हॉर्नबींचा रॉब रेकॉर्डचं दुकान चालवतो. लॉरा त्याला सोडून, पूर्वी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाकडे जाते. रॉब लगेच आयुष्यातल्या पाच सर्वांत वाईट प्रेमभंगांची यादी करतो आणि त्यात लॉराला जागाच देत नाही. मग घरातल्या सगळ्या रेकॉर्ड, ज्या क्रमानं त्या विकत घेतल्या त्या क्रमानं, पुन्हा रचून ठेवतो. पुढे तो जुन्या मैत्रिणींना शोधून काढतो, आपल्यावर अन्याय झाला होता हे पक्कं करायला. तिथं त्याला कळतं की निदान एका गोष्टीत सोडणारा तोच होता. आठवण उलटी शिवली गेली होती. कादंबरीची सगळ्यात मोठी करामत मात्र वेगळी आहे. बरीच पानं आपण रॉबच्या बाजूनं असतो, आणि मग तो, अगदी टाळता येईना म्हणून, लॉराशी आपण काय काय वागलो ते कबूल करतो. त्यातल्या गोष्टी साध्या नाहीत. हसता हसता आपण कुणाची बाजू घेत होतो या विचारानं वाचणारा गप्प होतो.

ऑल्डर्टन यांचा अँडी स्टँडअप करणारा, फारसा न चाललेला विनोदवीर. जेन त्याला जवळजवळ चार वर्षांनी सोडते. तो डोक्यावरच्या टकलाचे फोटो काढून ठेवतो, काही दिवस होडीवर राहून बघतो, मग एका म्हाताऱ्याकडे खोली घेतो. त्या म्हाताऱ्याला जगातल्या सगळ्या गोष्टींत कटकारस्थान दिसतं. मित्र अँडीला प्यायला नेतात, पण 'तुला कसं वाटतंय' हे कुणाच्या तोंडून निघत नाही. हे वाचताना मला आपल्या चौकातली, टपरीवरची पोरं दिसली. चार जण दुचाक्या लावून तासन्‌तास उभे, बोलणं क्रिकेटचं आणि पगाराचं, आणि ज्याचं मोडलंय तो मधोमध चहाचा कप धरून गप्प. "जाऊ दे, दुसरी मिळंल" यापलीकडे एकालाही शब्द सापडत नाही. अँडीचे मित्र वाईट नाहीत आणि आपली पोरंही वाईट नाहीत. ऑल्डर्टन हे फार हळुवारपणे दाखवतात.

पुस्तकभर आपण अँडीच्या डोक्यात असतो. शेवटच्या भागात मात्र बोलायला येते जेन. ती का गेली, हे ती सांगते, आणि तिच्या सांगण्यात कुणी खलनायक नाही. मला हा भाग 'हाय फिडेलिटी'च्या कबुलीपेक्षा वरचा वाटतो. रॉब स्वतःवर खटला भरतो, तरी न्यायाधीश तोच राहतो. अँडीच्या गोष्टीत मात्र दुसरी बाजू खरंच ऐकू येते. सोडून जाणारा माणूस निर्दय असतो असं आपल्याकडे धरूनच चालतात, त्यातून सोडणारी मुलगी असेल तर विचारूच नका. म्हणून भाच्याला मी 'गुड मटेरिअल' दिलं. तुम्ही स्वतः कुणाला सोडून आला असाल आणि मनात ते बोचत असेल, तरीही हेच घ्या.

'हाय फिडेलिटी' कुणाला? ज्याचा हा पहिला प्रेमभंग नाही, तिसरा-चौथा आहे, आणि प्रत्येक वेळी चूक समोरच्याचीच होती असं जो सांगतो, त्याला. तेही जखम जरा वाळल्यावर. ताज्या दुःखात माणूस रॉबची कबुली वाचत नाही, फक्त त्याच्या याद्या उचलतो. पुस्तकात गाण्यांची आणि बँडांची नावं पानापानावर आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांना त्यातली निम्मी अनोळखी असतील. अडू नका, पुढे चला. त्याजागी आपापल्या कॅसेटी आठवल्या तरी भागतं. याच गोष्टीवर 2000 साली सिनेमा आला, जॉन क्युसॅक त्यात आहे, गोष्ट शिकागोला नेलेली आहे. पण पुस्तकातला रॉब जास्त खरा आहे.

लग्न मोडलेल्यांची गोष्ट निराळी. तिथं माणूस दिवस मोजतं, खर्च मोजतं, आणि लोक काय म्हणायलेत तेही मोजतं.

मोनिका हाइझी यांची 'रिअली गुड, ॲक्चुअली' 2023 ची. टोरांटोत शिकणारी मॅगी अजून तिशीची नाही आणि तिचं लग्न टिकलं 608 दिवस. म्हणजे जेमतेम एक वर्ष आठ महिने. हा आकडा वाचला आणि मला आमच्या ओळखीतली एक मुलगी आठवली. लातूरकडे दिली होती, दीड वर्षात माहेरी आली. तिला कुणी कसं वाटतंय विचारलं नाही. दागिन्यांचं काय झालं, सामान आणलं का, एवढंच विचारलं. लग्नाच्या पंगतीला बसली की शेजारची बाई कुजबुजायची, "दोन वर्षं बी निभलं नाही." लवकर मोडलेल्या लग्नाची लाज मोठी असते, कारण लोकांना अजून जेवणातले पदार्थ आठवत असतात. मॅगीचं जग आपल्यापेक्षा फार मोकळं, तरी ही लाज तिलाही सोडत नाही.

मॅगी सावरण्याचे सगळे चुकीचे मार्ग घेते. पहाटे बर्गर मागवते, मध्यरात्री इंटरनेटला नको ते प्रश्न विचारते, पाठवू नयेत असे मेल लिहिते, आणि मी मजेत आहे असं सगळ्यांना सांगत सुटते. नावातलं 'रिअली गुड' ते हेच. मध्ये मध्ये तिनं इंटरनेटवर काय काय शोधलं त्याचे आणि तिच्या याद्यांचे छोटे छोटे तुकडे येतात. फोनवर जगणाऱ्या पिढीला ते लगेच ओळखीचे वाटतील. पण एक गोष्ट आधी सांगते. मधल्या शंभरेक पानांत मॅगी सहन होत नाही. मैत्रिणीही तिला कंटाळतात. काही वाचक तिथंच पुस्तक मिटतात. मिटू नका. दुःख झालेलं माणूस जवळच्यांना किती दमवतं, हे इतकं स्पष्ट लिहिलेलं मी क्वचितच वाचलंय, आणि त्या मैत्रिणींचा राग वाचल्याशिवाय शेवटचा दिलासा पचत नाही.

नोरा एफ्रन यांची 'हार्टबर्न' 1983 ची, आणि चौघांत माझी सगळ्यात लाडकी. रेचल पाकपुस्तकं लिहिते. सात महिन्यांची गरोदर असताना तिला कळतं की नवऱ्याचं दुसरीवर प्रेम आहे. ही एफ्रन यांची स्वतःचीच गोष्ट, नावं बदलून. नवरा होता कार्ल बर्नस्टीन, अमेरिकेतलं वॉटरगेट हे राजकीय प्रकरण उघडं करणाऱ्या दोन पत्रकारांपैकी एक. तीन वर्षांनी माइक निकोल्स यांनी त्यावर सिनेमा केला, मेरील स्ट्रीप आणि जॅक निकल्सन यांना घेऊन.

इतका मोठा घाव, आणि बाई मधेच थांबून पाककृती सांगते. प्रेम सुरू होताना कुरकुरीत बटाटे, संपताना कुस्करलेले बटाटे, असा तिचा हिशेब आहे. मला हे वाचताना काहीच परकं वाटलं नाही. आमच्या आईकडे कुणी रडत आलं की ती आधी चूल पेटवायची. मऊ भात, वरण, वर तूप, आणि "आधी दोन घास खा, मग बोल." सासरहून रुसून आलेल्या आत्याला दुसऱ्या दिवशी सुशीला करून द्यायची, मुरमुरे भिजवून, शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून. दुःखात हाताला काम आणि पोटाला ऊब लागते हे एफ्रनना ठाऊक होतं. आणि शेवटी शेवटी लिंबाचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ त्या नवऱ्याच्या तोंडावर जातो, तेव्हा इतकी पानं आपण त्याच क्षणाची वाट बघत होतो हे लक्षात येतं.

रेचल विनोद करते ते दुःख झाकायला नव्हे. गोष्ट आपण सांगितली की ती आपल्या ताब्यात राहते, नाहीतर लोक ती आपल्याबद्दल सांगतात, हे तिला उमगलेलं आहे. लहान गावात राहणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मॅगी आणि रेचल यांच्यात मला फरक दिसतो तो इथं : मॅगी गोष्टीत बुडालेली असताना बोलते, रेचल काठावर येऊन. म्हणून फसवणूक झालेल्या, पदरात मूल असलेल्या बाईला 'हार्टबर्न' द्यावं. कोर्टकचेरी चालू आहे आणि रात्री झोप येत नाही, अशा तरुण मुलीला मॅगी द्यावी, कारण बुडालेल्या माणसाला काठावरून सांगितलेलं पटत नाही.

आता भाषेचं. मराठी माध्यमात शिकून पहिलीच इंग्रजी कादंबरी घेणार असाल तर 'गुड मटेरिअल' सर्वांत सोपी जाईल. बोलल्यासारखी वाक्यं, आजचे शब्द. 'रिअली गुड, ॲक्चुअली' त्याच्या मागोमाग. 'हार्टबर्न' सर्वांत छोटी, दोनशे पानांच्या आतली. मराठवाडा एक्सप्रेसनं परभणी ते संभाजीनगर जाऊन परत येईतो माझी संपली होती. पण त्यातले वॉशिंग्टन-न्यूयॉर्कचे संदर्भ जुने आहेत, काही निसटतील. चारही पुस्तकांत दारू आणि शरीरसंबंध मोकळेपणानं येतात. घरात मोठ्यानं वाचून दाखवायची नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

भाच्याचं पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. मधल्या पानांबद्दल तो फोनवर भरभरून बोलतो. होडीचा प्रसंग त्यानं मला दोनदा सांगितला. जेनचा भाग आला तिथं मात्र थांबलाय. "मावशी, आता तिचं काय ऐकायचं?" म्हणाला. मी म्हटलं, ऐकू नको आत्ता, खूण घालून ठेव. तुम्हालाही तेच सांगते. तो भाग आधी उलटून वाचू नका आणि नको वाटलं तर लगेच वाचू नका, पण पुस्तक तेवढं परत करू नका.