पडीक माळ तित्तर-सशांसाठी राखायचाय? गवत की झाडं

सासवड, दौंड, बारामतीकडे खूप जणांकडे दोन-चार एकर मुरमाड माळ पडून असतो, आणि मग वाटतं इथे तित्तर, लावे, ससे टिकावेत असं काहीतरी करू. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदच आहे, राखायचं ते त्यांनी जगावं म्हणून. प्रश्न एकच, झाडं लावू की गवत राखू?

झाडं म्हणजे खड्डे, रोपं आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाण्याचा टँकर. बहुतेक जण गिरीपुष्प लावतात कारण ते पटकन वाढतं आणि जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. माळ हिरवा दिसतो हे खरं, पण सावली दाट झाली की खालचं गवत विरळ होतं आणि तित्तराचं सगळं जगणंच जमिनीवर, अंडी झुडपाखाली साध्या खळग्यात, पिल्लांना खायला वाळवी नि किडे. आपला ससा तर बीळही करत नाही, गवताच्या बुंध्याशी दबून बसतो, पिल्लंही उघड्यावरच. आडोसा गेला की संपलं.

गवताला खर्च फक्त राखणीचा. चराई दोन पावसाळे बंद ठेवा, मुळं शिल्लक असतील तर पवन्या, मारवेल आपोआप उठतात, आणि चारा विकून थोडे पैसेही येतात. कापणी मात्र सगळी एकदम करू नका, पट्ट्या-पट्ट्यांनी कापा नि पाव भाग तरी उभा ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात लपायला जागाच उरत नाही. बोर, तरवड, हेंकळाची झुडपं तोडू नका, दुपारी सगळे तिथेच असतात. माळ पेटवून देणं तर अजिबात नको, तित्तर उन्हाळ्यातही अंड्यावर असतो.

माझं मत सरळ गवताच्या बाजूनं आहे. उताराला ओघळ पडून माती वाहून जात असेल तिथे, आणि बांधावर, बोर-बाभूळ-हिवर जरूर लावा, पण मधला माळ मोकळा सोडा.

आणि दोन्हीकडे एक काम सारखंच, गावची मोकाट कुत्री आवरायला हवीत, सशाची पिल्लं सगळ्यात आधी त्यांच्याच तोंडी जातात.