गुरुवारचं पेन: जेवणाआधीच्या इन्सुलिनला जोड

सहकारनगरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डायबेटिस बारा वर्षांचा. रात्रीचं इन्सुलिन होतंच, वर दोन्ही जेवणांआधी बारा-बारा युनिट घेत होते, तरी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९च्या खाली येईना. युनिट वाढवले की वजन वाढायचं. मार्चमध्ये डॉक्टरांनी जोडीला डुलाग्लूटाइडचं पेन दिलं (हे इन्सुलिन नाही, साखर उतरवणारं वेगळं इंजेक्शन आहे), ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच.

पेन मला फार आवडलं. सुई दिसतच नाही. खालचं राखाडी टोपण काढायचं, पारदर्शक बूड पोटावर सपाट टेकवायचं, रिंग फिरवून लॉक उघडायचं आणि हिरवं बटण दाबून धरायचं. पहिला खट्ट आवाज आला म्हणून लगेच उचलू नका. पाच-दहा सेकंदांनी दुसरा येतो, तेव्हा औषध पूर्ण गेलेलं असतं.

पहिले तीन आठवडे मात्र कठीण गेले. फोडणीचा वास आला की मळमळायचं, आणि माझं तर कामच फोडणीचं! डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जेवणाआधीचं इन्सुलिन आठवर आणलं होतं. तरी दुसऱ्या आठवड्यात आठ युनिट घेऊन जेवायला बसले आणि अर्ध्या पोळीतच पोट भरलं. या औषधाने अन्न पोटात जास्त वेळ राहतं, ते तेव्हा नीट कळलं. तासाभराने तव्यापाशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम. पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी साखर मोजायचं मशीन लावलं: ६१, म्हणजे फारच कमी. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी ९४. लगेच फोन केला, डॉक्टरांनी सहा युनिट केले. ज्यांना हे नव्याने सुरू होतंय त्यांनी इन्सुलिन किती कमी करायचं हे आधीच विचारून घ्या, आणि मशीन हाताशी ठेवा.

तक्रार औषधाची नाही, एका मेडिकलवाल्याची आहे. मे महिन्याच्या भर दुपारी त्यांच्या मुलाने पेन साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणून दिलं, हाताला गरम लागत होतं. हे २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध. बाहेर फार तर १४ दिवस, तेही ३० अंशांपर्यंतच. मी परत पाठवलं. आता डब्याच्या पिशवीत आइस पॅक घेऊन स्वतः जाते, पेन नॅपकिनमध्ये गुंडाळते, कारण गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं.

महिन्याला चार पेनं, खिशाला जडच. पण जूनमध्ये एचबीए१सी ७.५ आलं, वजन तीन किलो उतरलं. डॉक्टर आता १.५ मिलिग्रॅम करू म्हणतात. त्यांना सांगितलंय, श्रावणातल्या ऑर्डरी संपल्या की करू.