बॅडस्ली क्लिंटन की लोअर ब्रॉकहॅम्प्टन?

बर्मिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्यांना खंदकाचं मध्ययुगीन घर एका दिवसात बघून यायचं असेल, तर बहुधा ही दोन नावं समोर येतात. मी दोन्हीकडे गेलो आहे आणि दोन्ही आवडली आहेत.

जाण्यायेण्यात वॉरिकशरचं बॅडस्ली सोपं. लॅपवर्थ स्टेशनवर उतरून पायी पोचता येतं. हेरफर्डशरमधलं ब्रॉकहॅम्प्टन ब्रॉमयार्डजवळ आहे, तिथे रेल्वे जात नाही.

बॅडस्लीकडे गोष्टही जबरदस्त आहे. १५९१ साली, कॅथलिक धर्मगुरूंवर बंदी असताना, त्यांना पकडायला धाड पडली तेव्हा ते घराखालच्या जुन्या भुयारी गटारात, पाण्यात उभे राहून वाचले. पण मला खटकलं ते इथेच. ही गोष्ट खंदकाला गिळून टाकते. भिंती थेट पाण्यात उतरलेल्या, त्यात लपण्याची जागा. बघणारा नगरच्या भुईकोटासारखा वेढा आणि लढाई मनात धरून परततो. खरं तर इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेल्या अशा सुमारे ६,००० जागा माहीत आहेत. बहुतेक १२५० ते १३५० या काळातल्या, आणि त्यांतल्या कितीतरी सुखवस्तू शेतकऱ्यांच्या. चिकणमातीत पाणी टिकतं, अंगणाचा निचरा होतो, मासे पाळता येतात आणि गावात वजन वाढतं, म्हणून त्यांनी खंदक खणले. बॅडस्लीचा खंदकही त्या भागातलं आर्डेनचं जंगल तोडून शेती वाढत होती त्या काळातला. आज भोवती बाग आणि हिरवळ इतकी नेटकी आहे की ती शेती, निदान मला तरी, दिसेना.

ब्रॉकहॅम्प्टनला ती दिसते. फळबागांमधून खाली उतरलं की लाकडी सांगाड्याचं, चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं घर, शेजारी बाराव्या शतकातल्या चॅपेलचे, म्हणजे छोट्या ख्रिस्ती देवळाचे, अवशेष, आणि खंदकावरच उभी असलेली छोटी दुमजली देवडी. देवडी घराहून नंतरची आहे. तिची लाकडं इतकी वाकलीत की शत्रूचा विचारही येत नाही. मालकाला पाहुण्यांसमोर ऐट मिरवायची होती, हे लगेच कळतं. घर, पाणी, देऊळ, जमीन सगळं एका नजरेत मावतं.

आतल्या खोल्या, जुनं सामान, घराण्याचा इतिहास यांची ओढ असेल तर बॅडस्ली निवडा, पस्तावणार नाही. गाडीची सोय होत असेल तर मात्र मी ब्रॉकहॅम्प्टनच सुचवेन. शक्यतो एप्रिलमध्ये जा, तेव्हा डॅमसनची, म्हणजे छोट्या जांभळ्या आलुबुखाराची, झाडं फुलतात. घरात शिरण्याआधी खंदकाच्या काठाने जमेल तेवढं फिरून घ्या.