जुनी फियाट, वेरूळ-दौलताबाद आणि गाईड: दुसऱ्यांदा जाऊन आल्यावर बदललेलं मत

दिवाळीत आमच्या जुन्या गाडीने वेरूळ-दौलताबादला गेलो तेव्हा गाईड टूर एजन्सीमार्फत घेतला होता आणि पॅकेजमधली एसी गाडी घेतली नव्हती. त्या गाडीचे पैसे एजन्सीने अखेर परत केले, तेही निम्मेच. दिवाळीनंतर सुरू झालेला पत्रव्यवहार होळीपर्यंत चालला. दरम्यान त्याच वाटेने पुन्हा जाऊन आलो आणि गाईडबद्दलचं माझं मत बरंच बदललं, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

गाडी १९७२ ची फियाट ११०० डी. इंजिन, गिअर, मायलेज यांवर इथे नव्याने सांगण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र सांगतो, कारण हे विचारणारे बरेच भेटतात. पन्नाशी ओलांडल्यामुळे २०२१ च्या नियमांनुसार या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळू शकतो. आम्ही तो घेतलेला नाही आणि घेणारही नाही. तो घेतला की गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. आईला मागे बसवून वेरूळला न्यायचं असेल तर साधं रजिस्ट्रेशन आणि वेळच्या वेळी फिटनेस हाच मार्ग आहे.

पहिल्या वेळी पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथे मुक्काम, एक दिवस गाईडसह आणि मग लोणार असा बेत होता. गाईडचा दिवस एजन्सीमार्फत घेतला. पॅकेजमध्ये एसी गाडी होती. आमची स्वतःची गाडी आहे, तेवढे पैसे वजा करा, असं बुकिंगच्या वेळीच लेखी सांगितलं होतं. ‘ॲडजस्ट करू’ असं उत्तरही आलं होतं. भांडण झालं ते याच ‘ॲडजस्ट’वरून.

पण माझा खरा राग पैशांपेक्षा वेळापत्रकावर आहे. एजन्सीचा क्रम असा: सकाळी नऊला वेरूळ, मग घृष्णेश्वर, मग खुलताबाद, जेवण आणि दुपारी दीड वाजता दौलताबाद. एसी गाडीतल्या पाहुण्यांना तो चालत असेल. जुन्या गाडीला दर अर्ध्या-पाऊण तासाने बंद करून, तापलेली असतानाच परत चालू करणं हे घाट चढण्यापेक्षा जड जातं. चालत्या गाडीत फॅन आणि वारा मिळून इंजिन थंड राखतात. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची सगळी उष्णता त्याला चिकटलेल्या पेट्रोल पंपात उतरते. आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफ ढकलत बसतो.

नेमकं तेच झालं. खुलताबादहून घाट उतरून आलो तर दौलताबादच्या तटातल्या दिल्ली दरवाजात गाड्या अडकलेल्या. समोरून बस, मागे ट्रॅक्टर, डोक्यावर ऊन. फियाट दोनदा आचके देऊन बंद पडली. गाईड पुढच्या अखंड सीटवर माझ्या शेजारीच होते, साठीच्या आसपासचे. मी बोनेट उघडेपर्यंत त्यांनी गळ्यातला पंचा काढून बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि विचारलं, “दादा, पंप कुठल्या बाजूला?” पंचा पंपाला गुंडाळला तसा चर्र आवाज आला. ते वरून थोडं थोडं पाणी सोडत राहिले आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याला हाताने थांबायला सांगत राहिले. थोड्या वेळाने गाडी चालू झाली. त्यांच्या वडिलांची फियाट टॅक्सी होती, हे नंतर कळलं.

तरीही त्या रात्री मी मत बनवलं होतं की गाईडसह दिवस म्हणजे पैसे वाया. किल्ला भर उन्हात अर्धाच झाला, आई चांदमिनाराजवळ सावलीत बसून राहिली आणि वेरूळ सकाळी पाहिल्यामुळे फोटो काळवंडलेले. हे मत आता मागे घेतो. दोष पॅकेजचा होता, गाईडचा नव्हता.

निघताना ते म्हणाले होते, “पुढच्या वेळी मला थेट फोन करा, मी दिवस उलटा लावून देतो.” मार्चअखेरीस केला. ऊन तेव्हा दिवाळीपेक्षा कितीतरी जास्त होतं.

त्यांनी लावलेला क्रम: किल्ला उघडताच दौलताबाद. देवगिरीचा तो ताशीव कडा, खंदक, अंधारी म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट, हे सगळं उन्हं तापायच्या आत. अंधारीत त्यांनी टॉर्च बंद करून आम्हाला काही पावलं चालायला लावलं, तेव्हा यादवांची राजधानी चढाईला एवढी अवघड का होती ते पायांनाच समजलं. मग मोकळ्या रस्त्याने सरळ वेरूळ, गाडी झाडाखाली, जेवण, आईची वामकुक्षी आणि अडीचनंतर लेणी.

कारण साधं आहे. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी डोंगराची सावली त्यांच्यावरच असते, ऊन आत शिरतं ते दुपारनंतर. दहा नंबरच्या सुतार लेण्यात वरच्या सज्जाच्या खिडकीतून उजेड आला आणि छताच्या दगडी फासळ्या उठून दिसायला लागल्या. लाकडी चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, तुळया असाव्यात तशा, पण सगळा दगड. सकाळी हेच लेणं आम्ही नुसतं बघून बाहेर पडलो होतो.

कैलासात, म्हणजे सोळा नंबरला, त्यांनी वरून खाली कोरत आल्याची गोष्ट सांगितलीच, आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचं नावही सांगितलं. पण मला त्यांची दुसरी सवय आवडली. प्रत्येक ठिकाणी ते आधी गप्प राहतात. दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो तो पट आहे. सगळे रावणाचे हात मोजत होते. त्यांनी आईला बोटाने वर दाखवलं: पार्वती शंकराच्या दंडाला बिलगलेली आणि तिच्यामागे पाठ फिरवून पळत सुटलेली दासी. “आजी, डोंगर हलला हे तिच्याकडे बघून कळतं.” आई तिथून हलेना. मग त्यांनी भिंतीवर उरलेला पांढऱ्या गिलाव्याचा तुकडाही दाखवला. हे देऊळ एके काळी गिलावा करून रंगवलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी गाडी एकदाही आचकली नाही. मधल्या काळात मी पंपाखाली उष्णता अडवणारी बॅकेलाइटची जाड पॅकिंग टाकली होती आणि इथेनॉलच्या पेट्रोलने फुगलेले रबरी पाइप बदलले होते, त्यामुळे सगळं श्रेय क्रमाला देत नाही. पण तापलेल्या इंजिनाला परत चालू करण्याची वेळच जवळजवळ आली नाही, हा फरक पॅकिंगने पडलेला नाही.

पैशांचं म्हणाल तर गाईडला थेट दिलेली रक्कम एजन्सीच्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी होती आणि ती संपूर्ण त्यांच्या हातात गेली. पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला गाईड घ्या, फोनवर क्रम ठरवा आणि गाडी जुनी असल्याचं आधीच सांगा. जैन लेणी, तीस ते चौतीस, जरा लांब आहेत. तिथे स्वतःची गाडी न काढता आवारातल्या बसने जा.

पुढचा बेत अजिंठ्याचा, त्यांच्याबरोबरच. तिथे फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी ठेवून बसनेच जावं लागतं, त्यामुळे फियाट दिवसभर एका जागी थंड राहील. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, तेवढं बघून सुट्टी टाका.